पावलांखालचे शेरे

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा यंदा वाकत नाही, त्यामुळे आठांपैकी दोन अंगे पुढच्या भेटीसाठी राखून ठेवली आहेत). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या जिन्याचा तो हलणारा कठडा, या तिघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळी मंडळी खुशाल आहेत. आता तू विचारशील, एवढं होतं तर फोन का नाही केला? फोनवर तू मध्ये बोलतेस. आणि ही हकीकत अशी आहे की मध्ये कोणी बोलले तर मी ती पुरी करणार नाही, 'बरं, ठेवतो' म्हणून सुटका करून घेईन. मागच्या तीनही फोनांत तेच झाले. तुला वाटले असेल मी हवापाण्याच्या गप्पा मारायला फोन केला होता. असो.

दुकानाची परिस्थिती तुला थोडीफार ठाऊक आहेच. लोक आता बूट घरी बसून मागवतात. तीन नंबरांचे तीन जोड मागवायचे, गालिच्यावर दोन पावले चालून बघायचे, एक ठेवायचा आणि दोन परत पाठवायचे. त्याआधी आमच्या दुकानात येऊन, आमच्या तिरप्या स्टुलावर पाय ठेवून, माझ्याकडून माप काढून घ्यायचे आणि 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडायचे. (एकाने तर दाराबाहेर जाण्याचीही तसदी घेतली नाही. माझ्याच आरशात बघत त्याने फोनवर जोड मागवला आणि वर मला विचारले, 'हा रंग बरा ना?' मी बरा म्हणालो. रंग बराच होता.) तेव्हा चिरंजीवांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितले, बाबा, या वर्षअखेरीपर्यंत बघू, नाहीतर जागा पार्सलवाल्या कंपनीला देऊ. म्हणजे भिंतीतले छत्तीस खण काढायचे, तिथे लोखंडी मांडण्या लावायच्या, लोक येणार, खोका उचलणार, जाणार. बसायला स्टूलसुद्धा लागणार नाही. आपल्या बाबांच्या दुकानात कोणी पाय पुढे करणार नाही, या कल्पनेने मला दोन दिवस जेवण गेले नाही (तिसऱ्या दिवशी गेले, पण चवीने नाही).

सूनबाईला मात्र खणांची दया आली. ती संगणकाच्या कंपनीत आहे, हे तुला माहीत आहेच. ती एका रविवारी दुकानात आली आणि म्हणाली, बाबा, या खणांत काय आहे? मी म्हणालो, गावाचे पाय. खरेच आहे की नाही? बाबांची पद्धत तू विसरली नसशील. गिऱ्हाइकाला खाकी कागदावर उभे करायचे (बसवून माप घेणाऱ्याला बाबा दुकानदार मानत नसत), दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवायची, मोठ्या पावलाचा नंबर धरायचा, खाली हाडाचे, चवड्याचे माप लिहायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर सगळ्यांत खाली माणसाविषयी एक ओळ. मग कागद पालथा करून खणात. ती ओळ गिऱ्हाइकाने कधीही पाहायची नाही, हा नियम. बायकांचे कागद तुझ्याकडे असत. लग्नानंतरही सुट्टीत आलीस की पिशवी ठेवायच्या आधी तू स्टुलाजवळ उकिडवी बसायचीस. निम्मे शेरे तुझ्या अक्षरातले आहेत. माझा हातभार एवढाच की पुढे फोन आले तेव्हा मी प्रत्येक कागदावर फोन नंबर लिहिले. ते मात्र सुवाच्य लिहिले.

तर सूनबाईने ते सगळे कागद फोटो काढून त्या कृत्रिम बुद्धीला वाचायला दिले. मला वाटले होते काहीतरी यंत्र येईल, त्याला जागा करावी लागेल, म्हणून मी कोपऱ्यातली छत्र्यांची कुंडी हलवून ठेवली होती. आले काहीच नाही. सगळे तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपातच. तिने त्याला सांगितले, हे आमचे जुने गिऱ्हाईक, यांची मापे ही, यांच्याविषयीची माहिती ही, तर प्रत्येकाला ओळखीचे वाटेल असे एक गोड पत्र लिही आणि सांग की आता घरबसल्याही आमच्याकडून बूट मागवता येतील. मग मला म्हणाली, बाबा, पाठवायच्या आधी एकदा नजर घाला. मी तेव्हा शिडीवर होतो. मी शिडीवरून म्हणालो, 'त्यात बघायचं काय? नमस्कार-चमत्कार तर असणार. दे पाठवून!' ताई, माझ्या आयुष्यातले निम्मे निर्णय मी शिडीवरून घेतले आहेत आणि एकही बरोबर आलेला नाही.

शिडीवरून उतरेपर्यंत तीनशे बारा माणसांना निरोप गेले होते. यंत्र अत्यंत सभ्य आहे गं. अपशब्द एक नाही. पण त्याला दिलेली माहिती ते वाया घालवत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना (आता निवृत्त आहेत, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते) त्याने लिहिले: 'दहा जोड काढायला लावून एकही न घेण्याची आपली पद्धत आम्हांस परिचित आहे. म्हणून आपला वेळ न दवडता अकरावा जोड थेट सुचवत आहोत.' शेरा तुझाच होता. दाताच्या डॉक्टरांना लिहिले: 'आपले पाऊल सहा नंबरचे असून आपण सात मागता, याची आम्हांस जाणीव आहे. सातच्या पेटीत सहाचा जोड घालून देण्याची जुनी सोय आजही चालू आहे.' हा शेरा बाबांचा. बिचारा डॉक्टर तीस वर्षे समजत होता की आपला पाय सात नंबरचा आहे; खरा नंबर फक्त त्याच्या पायालाच ठाऊक होता. वकिलांना लिहिले की आपण दुकानात पत्नीच्या पसंतीला मान डोलावता आणि दुसऱ्या दिवशी एकटे येऊन जोड बदलून नेता, आता ही बदली घरूनही करता येईल. कागदावर मी लिहिलेला फोन नंबर वकिलीणबाईंचा होता.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दुकानाशी आलो तर शटरसमोर सात माणसे उभी. मागच्या बोळातून परत फिरावे असे मनात आले, पण मुख्याध्यापिकाबाईंनी मला ओळखले आणि बोटाने 'इकडे ये' अशी खूण केली. त्यांच्यापुढे साठीच्या माणसाचाही चौथीतला मुलगा होतो. मी कुलूप काढले. त्या स्टुलावर बसल्या, पाय पुढे केला आणि म्हणाल्या, 'अकरावा कुठाय?' मी काढून दिला. तपकिरी, बुटक्या टाचेचा. त्यांनी घातला, आरशापर्यंत गेल्या, परत आल्या आणि विकत घेतला. मग हळूच विचारले, ते कोणी लिहिलं होतं? मी सांगितले, ताईने. त्यांनी जुना जोड पिशवीत घातला. मग म्हणाल्या, 'ती कुठे असते हल्ली? पायांकडे सगळेच बघतात. ती माझ्याकडे बघायची.'

डॉक्टर दुपारी आले. काचेचे दार लावून घेतले, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, 'सात नंबर दाखवा!' मी सातची पेटी आणली. त्यांनी पेटीवरचा आकडा बघितला, माझ्याकडे बघितले आणि जोड पायात चढवला. 'बरोब्बर बसला,' म्हणाले. मी बिलावरही सातच लिहिले. वकील तर सपत्नीक आले. मी भांडणाच्या तयारीत होतो, पण वकिलीणबाईंनी त्यांना दुकानाच्या मधोमध उभे केले, स्वतः पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, घ्या, आज तुम्हीच निवडा. वकिलांना अर्धा तास लागला. शेवटी त्यांनी निवडला तो त्यांनी बायकोला विचारूनच निवडला. माणसाला सवय लागली की लागली.

आणि मग काय विचारतेस! ज्यांना निरोप गेले ते आपापला कागद बघायला आलेच, पण ज्यांना गेले नव्हते ते रुसून आले. आमच्याबद्दल तुम्हाला लिहावंसं काहीच वाटलं नाही का? महिनाभर दुकानात स्टूल रिकामे नव्हते. पाच जणांनी दूर गेलेल्या मुलांसाठी जुन्या मापांवर बूट मागवले, आणि त्यातला एकही जोड परत आला नाही. चिरंजीव आपल्या फोनमध्ये बघून 'हं' म्हणाले. त्यांचा 'हं' म्हणजे इतरांचा सत्कारसमारंभ असतो, हे तू जाणतेस.

आता तू म्हणशील, मग रडतोस कशाला? तर अडचण पुढे आहे. जुनी माणसे येऊन गेली. आता नवी येतात, घरी बसून कागदावर पाऊल काढून त्याचा फोटो पाठवतात, काही दुकानात येतात. यंत्राला त्यांच्याविषयी ती एक ओळ लागते, आणि ती ओळ लिहायचे काम माझ्याकडे आले. मी प्रामाणिकपणे लिहिले. 'उजवा आठ, डावा आठ, माणूस बरा.' 'उजवा पाच, डावा साडेपाच, बाई बऱ्या.' सत्तर कागद झाल्यावर सूनबाईने विचारले, बाबा, सत्तरही माणसं बरीच? मी म्हणालो, मला तरी बरी वाटली. मग यंत्राने सत्तर जणांना लिहिले, 'आपण बरे आहात.' त्यातल्या एकाने उलट उत्तर पाठवले: 'हो, तुम्ही कसे आहात?' बूट कोणीच घेतले नाहीत.

मी काही वेगळे लिहू शकत नाही, हे यंत्रालाही कळले आहे. कारण त्या तीनशे बारांत एक निरोप मलाही आला होता. खणात माझाही कागद होता, मी सोळा वर्षांचा असतानाचा, बाबांच्या हातचा. यंत्राने मला लिहिले: 'बूट आपणास उत्तम कळतात. माणसे कळत नाहीत, याची नोंद आमच्याकडे आहे. त्यासाठी आमच्या अनुभवी सहकाऱ्यांची मदत जरूर घ्यावी.' मी सूनबाईला म्हणालो, तुझं यंत्र आगाऊ आहे. ती म्हणाली, बाबा, त्याने फक्त आजोबांचं वाचलं.

बाकी सर्व क्षेम. पत्र लांबले, पण बोलताना तू लांबवू दिले नसतेस. भाऊजींना नमस्कार, कठड्याला खिळा.

तुझा,
धाकटा

ता. क. अनुभवी सहकारी म्हणजे कोण, हे तुझ्या लक्षात आले असेलच. वरची खोली झाडून ठेवली आहे. भाऊजींसाठी खिडकीपाशी खुर्ची आहे, तिथून सगळा रस्ता दिसतो, त्यांना दिवसभर नावे ठेवायला पुरेल. पंधरा दिवस येऊन बस, यंत्र तुझ्याकडून शिकेल, असे सूनबाई म्हणते. यंत्र शिको न शिको, पंधरा दिवसांचे मी म्हणत नाही. बाबा गेले त्या वर्षी तू दुकानात येऊन बसू का, असे विचारले होतेस, आणि मी म्हणालो होतो, जागा कुठे आहे? तेव्हाही मी शिडीवरच होतो.

ता. क. २. सोबत एक खाकी कागद जोडला आहे. तो तुझा. उजवे चार, डावे साडेचार. खालची ओळ बाबांची आहे: 'गिऱ्हाईक हिचे ऐकते. माझ्यामागे दुकान हिने चालवावे.' हा कागद या खेपेला सापडला असे लिहिणार होतो. पण तो मला बाबा गेले त्याच आठवड्यात सापडला होता. अठरा वर्षे तो तळच्या खणात, मापपट्ट्यांच्या खाली ठेवला. फाडावा असे मनात आले नाही, द्यावा असे धैर्य झाले नाही. ताई, चुकलो. कागद काढून घ्यायचे मी विसरलो आणि सूनबाईने फोटो काढला. ती मला एवढेच म्हणाली, 'बाबा, आत्याबाईंना हे माहीत आहे ना?' मी 'हो' म्हणालो. ते खोटे राहू नये म्हणून हे पत्र टपालाने आजच पाठवतो आहे.

ता. क. ३. येताना जुन्या चपलेवरच ये. नवा जोड तयार आहे, डावा अर्धा नंबर मोठा. तू दहा काढायला लावशील म्हणून अकरावाच बाहेर काढून ठेवला आहे.