खंडेनवमीची वायर

जवळा बाजार
१७ ऑक्टोबर २००५

चि. सौ. पुनमला चतुराबाईचा आशीर्वाद.

आमी बरे हावोत. म्हैस व्याली, वगार झाली. दोन सालात तुला पत्र लिवलं न्हाई, ते धरून बसू नको.

तुझ्या नवऱ्यानं, विश्वंभरनं फोनवर सांगितलं, तुझा साहेब महिनाअखेर तुला कामावरून काढतो म्हणून. नवमीला सकाळी तू पुण्याहून लॉगिन करून इथल्या कापूस जिनिंगच्या ऑफिसातल्या कंप्युटरमदी शिरली व्हतीस, तवा तूच बिघडवलं आन् तूच गुपचूप नीट केलं, असं साहेब म्हणतो म्हणे. साहेबाला काय कळतं.

खंडेनवमीला आपण इळा-कुऱ्हाड धुऊन पुजतो, त्या दिवशी त्यायला कामाला लावत न्हाई. मी ऑफिस झाडते, तर तू पुण्याहून सांभाळतीस त्या लिनक्सच्या मशीनलाबी, म्हंजी कंप्युटरला, हळदकुंकू लावलं. पण ते गुरगुरतच व्हतं. बटनाला हात लावू नका असं मॅनेजर तातेरावांनी बजावलेलं. मंग मागची निळी वायर काढली, इसावा घेऊ दे म्हणून. दसरा झाल्यावर परत खोसली. मागं दोन भोकं हायेत, सारखीच.

परत खोसली त्या दिवशी तुला तिकडून लॉगिन होईना, कापसाच्या वजनाच्या फायली इथून जाईनात. तातेराव मशीनपुढं, फोन त्यायच्या कानाला मी धरलेला. तू एकेक अक्षर सांगायची, ते एका बोटानं टाइप करायचे. लॉगिनची सर्विस बंद करून चालू केली, फायलीची केली. मशीन आपल्यातल्या आपल्यात लॉगिन व्हायचं, भायेरून न्हाई.

तू इचारलं, "वायर कुणी हलवली का?"

तातेराव म्हणले, "काहो चतुराबाई?"

"मी काहून हलवू? मला काय कळतं त्यातलं?"

तू तिकडून "बरं" म्हणलीस. आवाज वळखला असशील.

दुसऱ्या दिवशी झाडताना पाह्यलं. रिकामं भोक साफ, आन् वायरच्या भोकाला जळमट. म्हंजी आदी वायर साफ भोकात व्हती; तिकडं खोसली. फायली जाया लागल्या. तातेरावांनी पेढे वाटले. मीबी एक खाल्ला.

लग्नात मीच म्हणले व्हते, सुनेनं नोकरी सोडावी. आता कुणी म्हणंल सासूनं मुद्दाम केलं. वायरीचं मुद्दाम न्हाई. खोटं बोलले ते मुद्दाम.

हे पत्र साहेबाला दाखव. तातेरावांना सकाळी सांगितलं, त्यायनी कपाळाला हात लावला, पण मागच्या बाजूला सही देली हाय.

सासू म्हणून नाव लिवलं तर साहेब म्हणंल, घरचं माणूस पांघरूण घालून राहिलं. म्हणून,

चतुराबाई,
झाडूवाली, जिनिंग ऑफिस, जवळा बाजार