टाकी सावकाश भरणारा जेट पंप मिळण्याबाबत

दिनांक : ९ मे

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
घरगुती वीजजोडण्या व पंप परवाने,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला (पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या पिंपासमोर)

विषय : घरच्या विहिरीवर अर्धा अश्वशक्तीचा, दोन पाइपांचा, रोज हाताने पाणी भरूनच सुरू होणारा जेट पंप बसवण्यास परवानगी व तोडलेली वीजजोडणी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) जोडणी तोडल्याचे आपले पत्र. २) माझा बेडकासंबंधीचा खुलासा. ३) त्यावर आपला शेरा : 'अर्जदाराने कार्यालयास गोष्टी सांगू नयेत.' ४) माझा मागील अर्ज 'जोडणीधारकाशी नाते सिद्ध होत नाही' या कारणास्तव नामंजूर केल्याचे आपले पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, मी हयातभर सलून चालवून आता घरी बसलेला इसम आहे. वस्तऱ्याखाली मान दिलेले गिऱ्हाईक 'खोटं बोलताय' असे म्हणू शकत नाही, त्यामुळे माझ्या गोष्टींना फारसा विरोध कधी झाला नाही व ती खोड तशीच वाढत गेली. प्रस्तुत अर्जात मात्र शेरा क्रमांक ३ चे शक्य तितके पालन केले आहे. जिथे पालन झाले नसेल तिथे माफी असावी.

१. घरामागची विहीर माझ्या पत्नीच्या वडिलांची. ती तिच्या वाट्याला आली, म्हणून वीजजोडणी तिच्या नावावर आहे. आपल्या कागदांत जिला 'जोडणीधारक' म्हटले आहे ती हीच. विहिरीवर पूर्वी जुना जेट पंप होता. साहेबांना माहीत असेलच, तरी नोंदीसाठी लिहितो : या पंपाची मोटर वर जमिनीवर असते व विहिरीत दोन पाइप सोडलेले असतात. एकातून तो थोडे पाणी खाली ढकलतो आणि त्या जोरावर दुसऱ्यातून पुष्कळ पाणी वर आणतो. एका पाइपाचा पंप पंचवीस फुटांपर्यंतच ओढतो. आमचे पाणी उन्हाळ्यात चाळीस फुटांवर जाते, म्हणून दोन पाइप. (पाणी चाळीसच फुटांवर आहे हे मी प्रथमच लेखी मान्य करत आहे. सलूनमध्ये मी विहीर इतकी खोल सांगत असे की सकाळी सोडलेली बादली संध्याकाळी तळाला लागे आणि दोर ओढेपर्यंत ओढणाऱ्याची दाढी वाढे.)

२. या पंपाच्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते. पाणी परत विहिरीत जाऊ नये हे तिचे काम. आमची झडप गळकी होती. रात्रभरात पाइप रिकामा होई आणि सकाळी मोटर नुसती कोरडी घरघरे. म्हणून पंपाच्या डोक्यावरचे बूच काढून आधी त्यात पाणी भरावे लागे. हे काम ही करी, पितळी किटलीने. किटलीला चोच असल्यामुळे पाणी सांडत नाही असे तिचे म्हणणे. भरून झाले, बूच घट्ट बसले की ती ओरडे, "द्या!" आणि मी भिंतीवरचे बटण दाबी. आमच्या संसारात मी तिचे निमूट ऐकले असे हे एकच काम. झडप बदलू या, असे पंप दुरुस्त करणारा मिस्त्री दर वर्षी म्हणे. ही म्हणे, "राहू द्या हो. झडप बदलली की हे आठ वाजेपर्यंत लोळतील."

३. पाणी वरच्या टाकीत पडू लागले की टाकी भरेपर्यंत आम्हा दोघांना काही काम नसे. मग ही ओट्यावर बसून म्हणे, "अहो थापाडे, उभे काय राहिलात? सांगा." थापाडे हे तिने मला दिलेले नाव, ते दुसऱ्या कोणी वापरलेले मला चालत नाही. पंप अर्धा अश्वशक्तीचा, त्यात म्हातारा. एक टाकी म्हणजे एक अख्खी गोष्ट. पाइपातून मासा वर आला आणि टाकीत पडून शिंकला, ती गोष्ट टाकी काठोकाठ भरल्याशिवाय संपत नसे. तिने त्या गोष्टीवर एकदाही विश्वास ठेवला नाही आणि एकदाही मध्येच उठून गेली नाही.

४. अलीकडे जोडणीधारकाचे स्मरण जाऊ लागले. प्रथम वस्तूंची नावे गेली, नंतर माणसांची. मुलगा परगावी असतो. तो आला तेव्हा तिने त्याला "भाडं महिनाअखेरीस देऊ" असे सांगितले, आम्ही कधीही भाड्याच्या घरात राहिलो नसताना. तथापि रोज सकाळी पंप चालला की ती मला ओळखत असे. ती पंपामुळे ओळखते हे माझ्या ध्यानात आले नाही. मला वाटले, नवऱ्याला कोण विसरेल?

५. मागील उन्हाळ्यात जुन्या पंपाचे कवच तडकले. मुलगा धावत आला. पोर गुणाचे आहे, त्याला बोल लावू नये. त्याने आपल्या कार्यालयाच्या मंजूर यादीतला, पाण्यात बुडून राहणारा, दीड अश्वशक्तीचा पंप बसवला. त्याला किटली लागत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि चहाला आधण येण्याआधी त्याची टाकी भरून मोकळी होते. सगळी गल्ली म्हणाली, सुटलात! त्या दिवसापासून ती मला ओळखेनाशी झाली.

६. आता आपल्या पत्र क्रमांक १ मधील 'उपकरणात हेतुपुरस्सर पाणी ओतले' या आरोपाविषयी. पाणी ओतले हे खरे आहे. ती नेहमीप्रमाणे उठली, किटली भरली, पंपाच्या जागी गेली, तिथे पंप नव्हता. भिंतीवर नव्या पंपाची लोखंडी पेटी होती. तिने झाकण उघडले व त्यात पाणी भरले. ठिणग्या उडाल्या, गल्लीभर अंधार झाला. देवाची कृपा, तिला काही झाले नाही. मी धावत गेलो तेव्हा ती रिकामी किटली धरून उभी होती आणि आत वळून हाक मारत होती, "द्या! अहो, द्या ना!" मी तिच्या पाठीशीच उभा होतो.

७. त्या प्रसंगी मी आपणास कळवले की विहिरीतला वासराएवढा बेडूक पाइपावरून चढून आला व पेटीत लघुशंका करून गेला. तो खुलासा मी मागे घेत नाही, फक्त ही पुरवणी जोडतो. तसे लिहिण्याचे कारण इतकेच की, सरकारी कागदावर तिच्या नावापुढे 'वेडसर' हा शब्द येऊ नये. ती वेडसर नाही. तिने तिचे काम बिनचूक केले, पंप चुकीचा होता.

८. यानंतर वर उल्लेखिलेल्या मिस्त्रीने (त्याला सगळे वॉशर म्हणतात, कारण काहीही बिघडले तरी तो प्रथम "वॉशर गेलाय" असे म्हणतो) आपला एक जुना अर्धा अश्वशक्तीचा जेट पंप आणून जोडून पाहिला. वीज तोडलेली असल्याने स्वतःचे जनित्र आणले व त्याच्या घरघरीत पंपाचा आवाज बुडू नये म्हणून ते गल्लीच्या टोकाला ठेवले. हिने पंप पाहिला. आत जाऊन किटली घेऊन आली, बूच काढले, पाणी भरले, बूच बसवले, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "द्या!" मी बटण दाबले. पंप आधी खोकला, मग त्याने पाणी धरले. ती ओट्यावर बसली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो थापाडे, किती वाळलात! होतात कुठे इतके दिवस?"

मी सांगितले, विहिरीत पडलो होतो, आत्ता पंपाने वर काढले. ती इतकी हसली की वॉशर तोंड फिरवून उगाच पान्हा शोधू लागला.

टाकी भरली. मोटर बंद केली. ती उठून पाहुण्याशी बोलावे तसे मला म्हणाली, "बसा, आमचे हे येतीलच."

जनित्रावर वॉशरचे पोट आहे. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या कामावर गेले.

९. त्यावरून मी जोडणीसाठी रीतसर अर्ज केला. आपले लिपिक चौकशीस आले. सज्जन गृहस्थ आहेत, चपला बाहेर काढून आले. त्यांनी नियमानुसार जोडणीधारकास माझ्याकडे बोट करून विचारले, "आजी, हे आपले कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही हो. सकाळी येतात बिचारे, पाणी मागायला." लिपिकांनी तसे लिहून घेतले. त्यांनी तरी दुसरे काय लिहावे? आपण अर्ज नामंजूर केलात. साहेब, आपला निर्णय कागदोपत्री बरोबर आहे. अडचण एवढीच की पंप चालू झाल्याशिवाय नाते सिद्ध होत नाही आणि नाते सिद्ध झाल्याशिवाय पंप चालू होत नाही.

१०. आता पंपाच्या निवडीविषयी. आपल्या मंजूर यादीत स्वतःच पाणी धरून ठेवणारे जेट पंप आहेत व त्यांतला एक घेतल्यास परवाना लवकर मिळेल, असे लिपिक जाताना हळूच म्हणाले. त्यांचे उपकार आहेत. परंतु मला तो चालणार नाही. ज्याला रोज भरावे लागते तोच पाहिजे. दुकानदाराने एक अश्वशक्तीचा दाखवला, म्हणाला, "काका, अर्ध्या वेळात टाकी भरेल." मी म्हटले, मला दुप्पट वेळात भरणारा दाखवा. त्याने मला बसायला खुर्ची दिली व पाणी पाजले. ज्याला सगळे घाईत टाकी भरायला सांगतात, त्याला ही मागणी तऱ्हेवाईक वाटणारच. वॉशरकडे मी गळकी झडपही मागितली. तो म्हणाला, "काका, झडप गळते म्हणून लोक मला शिव्या घालतात. गळकी बसवून द्या म्हणणारे तुम्ही पहिले." मग म्हणाला, "देतो. चांगली गळकी बघून देतो."

अर्ध्याहून लहान पंप चाळीस फुटांवरून पाणी उचलत नाही असे तो सांगतो. उचलत असता तर मी तोच मागितला असता. टाकी मोठी बसवण्याचाही विचार आहे. त्यास वेगळा परवाना लागतो का, ते कळवावे.

११. सध्या आम्ही बादलीने पाणी काढतो. सकाळी ती किटली घेऊन येते. पेटीला मी कुलूप लावले आहे व जुन्या पंपाच्या जागी पाइपाचा एक तुकडा जमिनीत पुरला आहे. त्यात ती पाणी भरते आणि "द्या" म्हणते. मी घशातून पंपाचा आवाज काढतो. साहेब, या घशातून मी वाघ काढले आहेत, आगगाड्या काढल्या आहेत, सलूनमधली पोरे घाबरून बापाच्या मांडीवर चढलेली आहेत. पण ती थोडा वेळ ऐकते आणि मान हलवते. म्हणते, "पाणी नाही धरलं." आणि पुन्हा किटली भरायला आत जाते. तिने माझी एकच थाप खरी मानावी अशी माझी फार इच्छा होती.

१२. सबब विनंती की, परवाना देणे शक्य नसल्यास निदान एका सकाळपुरती तात्पुरती जोडणी द्यावी. वॉशर पंप जोडून ठेवील. त्याच लिपिकांना पुन्हा पाठवावे. त्यांनी ओट्याजवळ उभे राहावे, ती "द्या" म्हणेपर्यंत काही बोलू नये. पंपाने पाणी धरले की तोच प्रश्न पुन्हा विचारावा व जे उत्तर येईल ते लिहून घ्यावे. टाकी भरण्याच्या आत विचारावे, ही कळकळीची विनंती. त्या वेळीही ती 'कोणी नाही' म्हणाली, तर आपला शेरा मी जन्मभर मान्य करीन आणि कार्यालयास पुन्हा एकही गोष्ट सांगणार नाही.

सोबत :
१) वॉशर यांचा पंप योग्य असल्याचा दाखला (त्यात 'वॉशर चांगला आहे' इतकेच लिहिले आहे, पण मनापासून लिहिले आहे).
२) विहिरीच्या खोलीचा दाखला, खरा.
३) आपण पुराव्यादाखल जमा करण्यास सांगितलेली पितळी किटली जोडलेली नाही. ती उद्या सकाळी लागेल.

कळावे, उत्तराची वाट ओट्यावर बसून पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार
जोडणीधारकाशी नाते : पंप चालू असताना विचारावे.