ह्यांचं हार्वेस्टर

५ सप्टेंबर

आज हार्वेस्टरवरची ताडपत्री ओढलीच! आत उंदरांचं अख्खं गाव वसलेलं. दाण्याच्या टाकीत घरटी, सीटचा काथ्या कुरतडून बाहेर. हे असते तर आधी उंदरांना शिव्या, मग मला. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, यंत्र त्याच्याही आधीपासून बंद.

चौक गावच्या गॅरेजातून सुनील मेकॅनिक आला. बराच वेळ आत डोकं घालून खुडबुडला. मग म्हणाला, "काकी, इंजिन जाम हाय, पण मेलं नाय." एवढंच ऐकलं आणि रडू आलं. वेडी मी!

९ सप्टेंबर

जितेशचा पनवेलहून फोन. "आई, भंगारात दे ते, आणि इकडे ये राहायला." लेकाला काय सांगू? यंत्र बंद पडल्यावर कापणीला वाडीवरची माणसं मजुरीने यायची, ती आता फार्महाऊसवर कामाला जातात. गावात सावड आहे अजून — आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. पण त्यात आपलं घर नाही. पंजाबातून हे जुनं धूड आणलं, ते फिरावं म्हणून ह्यांनी तीन बांध फोडून एकच मोठं भातखाचर केलं, आणि चारचौघांत बोलून बसले, "आता आमाला कुनाची गरज नाय!" झालं. तेव्हापासून आमच्या शेतात गावातलं कुणी विळा घेऊन उतरलं नाही. भांडण नाही, काही नाही. "तुमच्याकडं यंत्र हाय ना!" एवढंच.

२० सप्टेंबर

साखळ्या रॉकेलात घालून घासल्या. कोपरापर्यंत काळी. कुंपणापलीकडून धोंडूबाई — "सुनंदा, काजळ डोळ्यांत घालत्यात गं, हाताला नाय!" हसली आणि गेली. आत ये म्हणायचं राहिलंच.

पूर्वी कापणीत ती माझ्या डाव्या हाताला असायची. काय एकेक चावट गाणी! हसून हसून विळा हातातून सुटायचा.

२ ऑक्टोबर, दसरा

सुरू झालं!! धुराचा लोट, कावळे उडाले, सुनील ओरडतोय. आवाज अगदी तोच. वर बसलेलं माणूस तेवढं दुसरं.

परसात जाऊन मोठ्याने रडले. आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

२४ ऑक्टोबर

वरचा तुकडा कापला. पहाटे उठून सवयीने मोठं पातेलंभर चहा टाकला, भाकऱ्या थापल्या, सुक्या बोंबलाची चटणी वाटली. चहाला उकळी येतेय तोवर अर्धा तुकडा साफ! सुनील एक कप प्यायला आणि चौकला गेला. बाकीचा चहा मोरीत ओतला.

शेजारच्या खाचरात सावड चालली होती. गजाभावजींनी विचारलं, "काय वहिनी, झालं पन?" झालं म्हटलं. ते परत आपल्या माणसांत वळले, काहीतरी बोलले, सगळे खिदळले.

मला वाटलं होतं, यंत्र चालू झालं की आमचे हे थोडे तरी परत येतील. कुठले! शेत रिकामं आणि मी बांधावर. मला माणसं हवीत. बस.

२६ ऑक्टोबर

ढग भरून आलेत. मोठं खाचर उभंच, भात वाकायला लागलंय. आणि सुनील म्हणतो, "काकी, पुढच्या पात्याचा पट्टाच नाय! रातचा कुनी नेला काय?" नवा मिळायला चार दिवस लागतील म्हणे.

दिवसभर गावात हीच चर्चा.

२७ ऑक्टोबर

आले!! उजाडताच धोंडूबाई, विळा घेऊन. "यंत्राचा काय भरोसा गं! सरक, तुज्या डाव्या अंगाला मी." मागून गजाभावजी, त्यांच्या दोघी सुना, वरच्या आळीतली चौघं. चहा दोनदा टाकावा लागला. पाऊस पडायच्या आत भारे ओटीवर आले, आणि यंत्रात चुरा न होता पेंढा अख्खा मिळाला म्हणून धोंडूबाईच्या म्हशीचीही सोय झाली. गाणी तीच, तितकीच चावट. तिची सून लाजली, म्हातारी नाही!

निघताना म्हणाली, "उद्या गजाकडं हाय. येशील ना?"

मला विचारलं. येशील ना!

२८ ऑक्टोबर

विळ्याला धार लावली. गजाभावजींकडे निघाले.

पट्टा तांदळाच्या कणगीत आहे. मीच काढून ठेवला. ह्यांना राग येईल. येऊ दे.