तळं गोठलं की निघतोच

१४ नोव्हेंबर
बायको, राइली, तिच्या बहिणीकडे निघून गेली त्याला नऊ दिवस झाले. कारण क्षुल्लक. तिच्या साठीच्या समारंभात मी भाषण केलं. आमच्या तळ्यावर वीस मिनिटं बोललो, बायकोचं नाव घ्यायचं तेवढं राहिलं.
हिल्काचं, म्हणजे बहिणीचं घर समोरच्या काठाला. तळ्यावरून दोन किलोमीटर, रस्त्याने एकतीस. शेजारचा ओइवा म्हणाला, गाडीने सोडतो. नको म्हटलं. तळं गोठलं की सरळ चालत जाईन. त्यात शान आहे. आठवडाभरात गोठेल. अख्ख्या फिनलंडमध्ये या तळ्याचा माझ्याएवढा जाणकार नाही.

२६ नोव्हेंबर
काठाला काचेसारखा पापुद्रा. बॅग भरली. दुपारी वारा सुटला, सगळा चुरा होऊन काठाशी खळखळत बसला.

८ डिसेंबर, सकाळी १०
गोठलं. बर्फ ताणला जातोय, पहाटेपासून तळं गुरगुरतंय. भोक पाडून मोजलं, नऊ सेंटिमीटर. माणसाला पुरतात. पण घाई नडते. ओइवा मध्यावर गळ टाकून बसलाय. अडाणी धाडस.

१९ डिसेंबर
भरपूर हिम पडलं. त्याच्या ओझ्याने खालचा बर्फ दबतो, पाणी वर येतं, पाय भिजतात. ओइवाला समजावलं. म्हणाला, उंच बूट घाल. विज्ञान कळत नाही त्याला.

२४ डिसेंबर
नाताळ. सौनाची गरम वाफ एकट्यानेच घेतली. राइलीला फोन करून तळ्याची खबर दिली. अजून काही? म्हणाली. तापमान सांगितलं. तिने फोन ठेवला.

११ जानेवारी
उणे सव्वीस. जाडी एकेचाळीस. समोरून, बर्फावरूनच, लाकडं भरलेला ट्रॅक्टर आला. पण ट्रॅक्टरचं वजन चार चाकांवर वाटलं जातं, माझं दोनच पायांवर.
ओइवाने विचारलं, भीती नक्की कशाची, बर्फाची की राइलीची? मी घरात आलो.

१३ जानेवारी
माफीची तालीम. पहिलं वाक्य जमतं.

१९ जानेवारी
भर दुपारी राइली आली. समोरून, तळ्यावरून, बर्फावरची ढकलगाडी एका पायाने रेटत. वीस मिनिटं लागली म्हणाली. हिल्काने माशाचं सूप केलंय, गाडीवर बस.
गाडीला पुढे एक खुर्ची असते, म्हाताऱ्यांसाठी नाहीतर सामानासाठी. बसलो. ती मागून ढकलत होती. ओइवाने गळ बाजूला ठेवून टोपी काढली.
मध्यावर आल्यावर म्हटलं, तुझं नाव राहिलं ते चुकलंच माझं. ती ढकलतच राहिली. मग बर्फाची जाडी सांगितली.
पाय वर घे, म्हणाली, घासताहेत.