सगळ्या फायलींना एकच नाव

चि. भाचीबाईंस,

मामाचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (दिवसभर संगणकापुढे बसून दुखणारच, पण मी असं म्हणालो हे तुझ्या आईला सांगू नकोस.) इकडे तुझ्या मामीच्या घशाच्या ऑपरेशनची जखम भरली. आवाज मात्र गेला तो गेलाच, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. आता ती पाटीवर लिहून बोलते आणि रागावली की खडू मोडतो.

तर तुझ्या स्क्रिप्टची हकिकत. अंध श्रोत्यांसाठी मामीने वाचलेली पुस्तकं ज्या वेबसाइटवर आहेत ती महिनाअखेर बंद होणार, म्हणून सगळ्या फायली उतरवून घ्यायला तू संगणकाला हुकूम देणाऱ्या त्या चार ओळी लिहून पाठवल्यास. 'नुसती चालवा मामा, आत हात घालू नका,' असं बजावलंसही. पण जन्मभर गोदामात लेबलं चिकटवलेला माणूस मी, मला कुठलं राहवतंय! तुझी स्क्रिप्ट प्रत्येक फायलीला नुसता आकडा देत होती. मामीच्या आवाजाला आकडा? आमच्याकडे एका जातीच्या मालाला एकच लेबल असे, मग खोकी कितीही असोत. मी ती ओळ शोधली, आकडा काढला आणि तिथे 'हिचा आवाज' असं लिहिलं. (मामी मागे उभी राहून पाटीवर 'नको' लिहीत होती. मला वाटलं, चहाला नको म्हणते आहे.)

मग काय, पडद्यावर 'उतरली, उतरली' अशा ओळी भराभर धावू लागल्या आणि मी ऐटीत पाय हलवत बसलो. सगळं थांबल्यावर उघडून बघतो तर आत एकच फाईल! गोदामात एका खोक्यावर दुसरं ठेवलं तर खालचं खालीच राहतं गं. इथे नव्याने जुन्याला गिळलं होतं. ती उरलेली लावली. मामी म्हणाली, 'इथे पुस्तक संपलं. ऐकत राहिलात, बरं वाटलं.' एवढंच. मला वाटलं, आता तिचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलं, आणि मी खुर्चीतच रडायला लागलो. मामीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाटीवर लिहिलं, 'आकडा परत टाका.'

टाकला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. सगळ्या फायली आल्या. आता दुपारी आम्ही दोघं ऐकत बसतो. ती माझ्या सदऱ्याला बटणं लावत असते आणि तिचे ओठ हलत असतात.

तुझ्या शहाणपणापुढे कान पकडून उभा असलेला,
मामा

ता. क. : खरं काम राहिलंच. फायली ऐकताना कळलं की जिथे तिथे मी आहे. कथेतली आजी शेवटचे श्वास मोजते आहे आणि स्वयंपाकघरातून मी ओरडतोय, 'अगं, माझा चष्मा कुठाय?' (वेबसाइटवाल्यांनी हे कसं खपवून घेतलं कोण जाणे.) माझं ओरडणं आणि त्यावरचं तिचं उत्तर, दोन्ही कापून टाकणारी एखादी स्क्रिप्ट पाठव. तिचं वाचन स्वच्छ राहू दे. या वेळी आत हात घालणार नाही, शपथ.

ता. क. दुसरा, मामीच्या हातचा : हे पाकिटासाठी डिंक शोधताहेत, तेवढ्यात लिहिते. तसली स्क्रिप्ट अजिबात पाठवू नकोस. चष्म्याचं विचारलं की मी 'कपाळावर आहे' म्हणून हसते, ते ऐक. बाकी सगळं समोर लिहिलेलं वाचलं गं. माझं स्वतःचं बोलणं तेवढंच आहे त्यात.