यकृत शेवटपर्यंत चालू होतं

अण्णा,

लातूरहून तपासणी करून उदगीरला आत्ताच आले. बॅग दारातच पडलीय. वहिनीच्या तोंडून जे ऐकलं, ते तुला विचारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसले.

डॉक्टर म्हणाले, "तुमचं यकृत छान भरून आलंय." मी विचारलं, "आणि अण्णाला दिला तो तुकडा? तो खराब निघाला का हो?" इतके महिने हेच मनात होतं, अण्णा. माझाच तुकडा कमी पडला! तर ते म्हणतात, "नाही हो. यकृत शेवटपर्यंत चालू होतं. अंगात मांसच उरलं नव्हतं. इन्फेक्शनशी लढायला ताकद कुठून येणार?"

तुझं वजन तर टिकून होतं ना! काट्यावर उभा राहून कौतुकानं दाखवायचास. ते पोटातलं आणि पायातलं पाणी होतं म्हणे. आम्ही पाण्यावर खूश होतो!

दंड किती बारीक झाले होते तुझे! पण काविळीला वरण चालत नाही, दूध चालत नाही, असं म्हणत भेटायला येणारा प्रत्येक जण ताटातलं एकेक कमी करत गेला. उरला मऊ भात आणि उसाचा रस. ऑपरेशनआधी हैदराबादच्या इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी किती बजावलं होतं, डाळ खा, पनीर खा, थोड्या थोड्या वेळानं खात राहा. तू मान डोलावलीस. मला वाटलं, पटलं तुला.

घरी येऊन वहिनीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "सोमवार धरले होते त्यांनी, ताई. निरंकार. लई सांगितलं, ऐकलंच न्हाई. म्हणायचे, माझ्यापायी तिच्या पोटावर सुरी चालणार हाय, तिला काय होऊ नये."

माझ्यासाठी? अण्णा, माझ्यासाठी उपाशी राहिलास? मला समोर बसवून दूध-तूप खायला घालत होतास, आणि स्वतः? एका शब्दानं विचारायचंस तरी! महादेवाच्या देवळात जाऊन भांडले असते मी. इतका राग येतोय तुझा, आणि रागवायला तू नाहीस.

आजही सोमवार आहे. तुझं व्रत अर्धवट राहिलं म्हणून वहिनी ते पुरं करतेय. हेही मला आजच कळलं. तिची मनगटं बघितलीस का रे?

शब्द देते, हे पत्र संपवून उठेन ती थेट चुलीपाशी जाईन. तिला माझ्यासमोर बसवून पोटभर जेवू घालेन. तुझं व्रत मी मोडतेय, अण्णा. जिच्यासाठी धरलं होतंस, ती ठणठणीत आहे.

तुझी धाकटी,
महानंदा