बाईंना लागलेला बोल

बाई, तुम्हाला हे जग सोडून वीस वर्षं झाली. नाकाडोंगरीच्या पलीकडच्या आमच्या गावात तुम्ही खेळाच्या बाई म्हणून आलात, ते आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष. मी नववीत होते. मुलींना कबड्डी शिकवायची म्हणून तुम्ही स्वतः फावडं घेऊन मैदान सारखं केलंत, आणि एका संध्याकाळी आमच्या चुलीपुढे येऊन बसलात. बाबा चुलीतली लाकडं सारत राहिले. सहा महिने तापानं झिजलेली माय खाटेवरूनच म्हणाली, "खेळू द्या तिले. माह्या तोंडाकडे पाहून पाहून पोरगी सुकून राहिली."

तुमसरच्या सामन्यांच्या दिवशी सकाळी तिला धाप लागली होती. मी म्हटलं, "मी नाई जात." ती हसली. "जा वं. मी काय आजच मरून राहिली काय?"

अंतिम सामना. पाच मिनिटं उरलीत, आपण एका गुणानं मागे. चढाई माझी आहे. मी दोघींना शिवून परत येते, शेवटच्या शिट्टीपर्यंत ती आघाडी टिकते, मुली मला उचलून घेतात आणि मी हसते आहे. मग तुम्ही मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन माय गेल्याचं सांगितलंत. मामा निरोप घेऊन आला होता. तोवर तीनची एसटी निघून गेली होती. पुढच्या गाडीनं गावात शिरलो तेव्हा माणसं मातीहून आंघोळ करून परतत होती. मायचं तोंड मला दिसलं नाही.

तेरवीनंतर बाबा शाळेत आले. "हिच्या मामानं निरोप आणला तरी तुमी त्याले थांबवलं अन् पोरगी खेळवली. हिच्या मायपेक्षा तुमचा कप मोठा होता काय, बाई?" तुम्ही मान खाली घातलीत. "चुकलं माझं," एवढंच म्हणालात. मी दाराशी उभी होते. गावानं अर्ज केला, तुमची बदली झाली. धान निघालं तसे मैदानावर तणशीचे, भाताच्या पेंढ्याचे ढीग लागले आणि मुलींचा खेळ तिथंच संपला. उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं.

बाई, मामा आलेला मी पाहिला होता. त्यानं डोक्याचा गमछा काढून हातात धरला होता, तेव्हाच मला कळलं. तुम्ही खेळ थांबवायला पंचांकडे निघालात, मला हाक मारलीत. आपली नजर भेटली. मी मान हलवून नाही म्हटलं आणि रेषा ओलांडून आत शिरले. तुम्ही मामाला थांबवलंत ते त्यानंतर.

बाबा जाईपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही. तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. तिलाही हे पाठवणार नाही. अजूनही माझी हिंमत होत नाही.